अनसूयाबेन, इलाबेन आणि दहा रुपयांची बँक



दशलक्षणात रोज एक अध्याय याप्रमाणे तत्त्वार्थसूत्र वाचलं जातं. त्यातला सातवा अध्याय व्रतांचा. अहिंसाणुव्रताला लागणारे पाच अतिचार त्यात सांगितले आहेत. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं ही नावं ऐकताना आपण निवांत असतो. आपण कुठे कुणाला बांधतो, मारतो? पाचवा अतिचार अन्नपाणी रोखण्याचा. आणि चौथा अतिभारारोपण, म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं लादणं. इथे बैलाचं उदाहरण येतं. आता बैल कुणाच्या दारात राहिलेत, म्हणून सगळे जरा हसतात आणि वाचन पुढे जातं.

आज सांगायचा आहे तो इतिहास अहमदाबादचा आहे, दोन बायकांचा आहे, आणि माझ्या मते तो या चौथ्या अतिचाराचाच आहे. पहिली बाई आपल्या धर्मात जन्मलेली, गिरणीमालकाच्या घरातली. दुसरी आपल्या धर्मातली नव्हे. पण पहिलीने बांधलेल्या घरातूनच ती पुढे आली, आणि नंतर त्या घरातून तिला बाहेरही काढण्यात आलं.

पहिल्या अनसूया साराभाई. विक्रम साराभाईंचं नाव आपल्या मुलांनाही माहीत असतं. अनसूयाबेन त्यांच्या सख्ख्या आत्या. जन्म ११ नोव्हेंबर १८८५, अहमदाबादचा. त्या नऊ वर्षांच्या असताना आईवडील गेले. त्या, धाकटा भाऊ अंबालाल आणि धाकटी बहीण अशी तिन्ही भावंडं काकांकडे वाढली. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि ते टिकलं नाही. त्या काळी नवऱ्याचं घर सोडून आलेल्या मुलीचं पुढे काय होत असे, हे आपल्या आजी-पणजींच्या गोष्टींतून आपल्याला ठाऊक आहे. सोवळंओवळं, उपवास, वाचन आणि सगळ्यांच्या बाळंतपणाला मदत. अनसूयाबेनचं तसं झालं नाही, याचं बरंचसं श्रेय भावाला द्यायला हवं. अंबालाल मोठे झाल्यावर बहिणीच्या शिक्षणाच्या मागे उभे राहिले, आणि १९१२ साली त्या डॉक्टर होण्यासाठी इंग्लंडला गेल्या.

डॉक्टर मात्र त्या झाल्या नाहीत. अभ्यासात प्राण्यांचं विच्छेदन करावं लागे आणि ते त्यांच्या जैन मनाला मान्य होईना. माझ्या पिढीतल्या किती मुलींनी बेडूक चिरावा लागतो म्हणून जीवशास्त्र सोडून गणित घेतलं, ते आठवा. आपण घेतलं आणि विषय तिथेच संपला. अनसूयाबेननी वैद्यक सोडलं आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. तिथे समाजवादी विचारांच्या फेबियन मंडळींची ओळख झाली, मताधिकारासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या इंग्रज बायका पाहायला मिळाल्या. प्राण्याला सुरी लावायची नाही एवढ्यावरून निघालेली वाट गिरणीच्या हिशेबापर्यंत कशी पोहोचते, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. कारण आपल्याकडे ती बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच थांबते. कांदा नको, बटाटा नको, सूर्यास्तानंतर जेवण नको. हे मी थट्टेने म्हणत नाही, मी स्वतः हे सगळं पाळते.

१९१३ मध्ये त्या परत आल्या आणि गिरणी कामगारांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. मग पाळणाघर, बायकांसाठी शौचालयं, प्रसूतिगृह. श्रीमंत घरातल्या शिकलेल्या बाईने करावं असं हे समाजकार्य होतं, आणि त्याला कुणाची हरकतही नव्हती. पुढचं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. एका सकाळी त्यांना गिरणीतून परतणाऱ्या काही बायका दिसल्या. चालत होत्या, पण झोपेत चालावं तशा. काय झालं म्हणून विचारलं, तर त्या सलग ३६ तास काम करून येत होत्या. दोन रात्री आणि मधला दिवस.

आता ही गिरणी कुणाची? शहरातल्या गिरण्या ज्यांच्या होत्या ती माणसं यांच्याच घरी जेवायला येणारी. भाऊ स्वतः कॅलिको मिलचा मालक. ज्या पैशावर त्या विलायतेला जाऊन शिकल्या, तो पैसा याच धंद्यातला. हे त्यांना त्या सकाळी समजलं असेल का, की आधीच माहीत होतं आणि त्या सकाळी सहन झालं नाही, कोण जाणे. मात्र त्यानंतर शाळा आणि पाळणाघरावर त्यांचं समाधान होईना. १९१४ सालच्या विणकरांच्या संपात त्या कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या.

खरी कसोटी १९१८ ची. आदल्या वर्षी अहमदाबादेत प्लेग आला. लोक गाव सोडून पळू लागले, तेव्हा विणकरांनी जाऊ नये म्हणून मालकांनी मोठा बोनस लावला. काहींना तो पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत मिळे. प्लेग ओसरला आणि मालकांनी बोनस बंद करायचं ठरवलं. पण महायुद्धामुळे महागाई चढलेली होती, ती काही ओसरली नव्हती. विणकर म्हणाले, पगारात ५० टक्के वाढ द्या. मालक २० टक्क्यांच्या वर जाईनात. अनसूयाबेननी गांधीजींना यात आणलं. त्यांनी दोन्ही बाजूंचे हिशेब पाहून ३५ टक्के हा आकडा काढला. मालकांनी २२ फेब्रुवारीला टाळेबंदी केली. मालकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते अंबालाल साराभाई.

भाऊ या बाजूला, बहीण त्या बाजूला, आणि दोघांचा एकमेकांवर जीव. रोज संध्याकाळी साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली कामगारांची सभा भरे. रोज एक पत्रक निघे. मजकूर गांधीजींचा असे, पण खाली नाव अनसूयाबेनचं. हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. शहरातल्या प्रत्येक मालकाच्या घरात रोज ते पत्रक जात असणार आणि त्याच्या तळाशी त्यांच्याच समाजातल्या, त्यांच्याच ओळखीतल्या बाईचं नाव. सभा संपल्यावर मालकांच्या बायका देरासरात अनसूयाबेनशी बोलत असतील का? याची नोंद कुठल्या पुस्तकात सापडत नाही, कारण असल्या नोंदी ठेवण्यासारख्या कुणाला वाटत नाहीत. पण तुम्हाला आणि मला माहीत आहे की असल्या गोष्टींची किंमत कुठे मोजावी लागते.

या दिवसांतली एक आठवण सांगतात. गांधीजींचा आग्रह असे की लढा चालू असला तरी अंबालालनी आश्रमात जेवायला यावं, आणि तिथे त्यांना वाढायला अनसूयाबेन असत. तीन वर्षांपूर्वी आश्रमात एका दलित कुटुंबाला घेतलं म्हणून देणग्या थांबल्या होत्या, तेव्हा मोटारीतून येऊन नाव न सांगता पैसे देऊन गेलेले शेठही अंबालालच. त्यांना खलनायक करून ही गोष्ट सोपी होईल, पण खरी राहणार नाही. चांगला माणूस, प्रेमळ भाऊ, दानशूर शेठ, आणि तरी मजुरीचा प्रश्न आला की मालकांच्या एकीपुढे दुसरं काही न दिसणारा. असे शेठ आपल्या प्रत्येक गावात आहेत. मंदिराच्या शिखराला सोनं देतील, पर्युषणात अमारीची पत्रकं काढतील, आणि दुकानातल्या पोऱ्याचा दिवाळीचा बोनस सहा वर्षं तोच ठेवतील.

संप लांबला. कामगार उपाशी. त्यांच्यातून एक बोल आला, तो महादेवभाई देसाईंनी लिहून ठेवला आहे. आशय असा की गांधीजींचं आणि अनसूयाबेनचं काय जातं, ते मोटारीतून येतात-जातात आणि चांगलंचुंगलं खातात, मरतोय तो आम्ही. हा टोला वर्मी लागला. १५ मार्चला गांधीजींनी उपवास सुरू केला आणि १८ तारखेला तडजोड झाली. पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, आणि पुढचं पंच ठरवतील. पंच होते आनंदशंकर ध्रुव. त्यांनी शेवटी ३५ टक्केच दिले.

तो टोला मी मुद्दाम लिहिला, कारण इतिहासात तो सहसा उपवासाची प्रस्तावना म्हणून येतो आणि विसरला जातो. त्यातलं बोलणं खरंच होतं. अनसूयाबेन संपावर नव्हत्या. त्यांची चूल चालू होती. १९२० साली त्यांच्याच पुढाकाराने मजूर महाजन ही कामगार संघटना उभी राहिली आणि पुढे देशातल्या बलाढ्य संघटनांपैकी एक झाली. कामगार त्यांना मोटाबेन म्हणत. मोठी ताई. नावात माया आहे, मानही आहे. पण मोठ्या ताईपुढे कुणी हिशेब मागत नाही, आणि मोठी ताई आपल्यातलीच एक आहे असंही कुणी समजत नाही.

दरम्यान गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. नवी यंत्रं आली की आधी बाई घरी जाई. १९५४ मध्ये मजूर महाजनने महिला शाखा काढली, ती कामगारांच्या बायका-मुलींना शिवण, विणकाम, भरतकाम, टायपिंग शिकवण्यासाठी. ३६ तास काम करून परतणाऱ्या बायकांना पाहून सुरू झालेली संघटना चार दशकांत कामगाराच्या बायकोला शिवण शिकवण्यापर्यंत आली होती. बाई कामगार आहे हेच मधे कुठेतरी हरवलं.

ते पुन्हा शोधलं इला भट्ट यांनी. जन्म १९३३ चा, बालपण सुरतेत. कायद्याच्या पदवीत हिंदू कायद्यासाठी सुवर्णपदक. काही काळ त्यांनी आपल्या मुंबईत एसएनडीटीमध्ये इंग्रजीही शिकवलं. १९५५ मध्ये त्या मजूर महाजनच्या कायदा विभागात आल्या आणि १९६८ मध्ये महिला शाखेच्या प्रमुख झाल्या. तेव्हा गिरण्या बंद पडायला लागल्या होत्या. घरोघरी जाऊन पाहिलं तर दिसलं की नवऱ्याची नोकरी गेली तरी घर चालतंय, आणि ते बाईच्या कमाईवर. कुणी भाजी विकते, कुणी विड्या वळते, कुणी जुने कपडे बोहारणीसारखे भांड्यांवर घेऊन, धुऊन-शिवून रविवारच्या बाजारात विकते. यातली एकही बाई सरकारच्या लेखी कामगार नव्हती.

१९७१ मध्ये कापडबाजारात गठ्ठे वाहणाऱ्या बायका त्यांच्याकडे आल्या. घाऊक बाजारातून किरकोळ बाजारात डोक्यावरून कापड न्यायचं. मजुरी खेपेवर. जवळची खेप असो की लांबची, पैसे तेवढेच. आणि खेपांची नोंद कुठेच नाही, म्हणून संध्याकाळी किती खेपा झाल्या हे व्यापारी सांगेल ते.

माझं माहेर कापडाच्या धंद्यातलं आहे, त्यामुळे हे वाचताना मला दुकान डोळ्यासमोर दिसतं. पांढऱ्या गादीवर मुनीमजी, समोर लाल वही. एकेक ताग्याचा हिशेब, वाराच्या चौथ्या भागापर्यंत. तागा किती, कुणाचा, कितीला, हे सगळं वहीत. तो कुणाच्या डोक्यावरून आला एवढंच नाही. अहमदाबादच्या कापडबाजारात आपली माणसं कमी नव्हती, हेही इथे सांगायला हवं. अचौर्याच्या अतिचारांत खोटं माप येतं. पण न मोजलेल्या खेपेला कुणी खोटं माप म्हणत नाही.

इलाबेननी यावर स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहिला. व्यापारी चिडले. त्यांनी उलट लेख छापून आणला की हे सगळे आरोप खोटे आहेत, आम्ही या बायकांना रास्त दर देतो, आणि ते दरही त्यात लिहिले. यावर इलाबेननी काय करावं? त्यांनी व्यापाऱ्यांचं तेच म्हणणं, तेच दर, छोट्या कार्डांवर छापले आणि गठ्ठे वाहणाऱ्या बायकांना वाटले. आता बाई शेठजींपुढे कार्ड धरून म्हणू शकत होती, तुम्हीच लिहिलंय ना, मग द्या. मला ही युक्ती उपवासाइतकीच मोठी वाटते. यात कुणाला उपाशी राहावं लागलं नाही आणि शेठजींच्या शब्दावर अविश्वासही दाखवावा लागला नाही.

ही बातमी जुने कपडे विकणाऱ्या बायकांपर्यंत गेली. एका बागेत शंभरेक बायकांची सभा भरली आणि गर्दीतल्याच एकीने सुचवलं की आपली संघटना हवी. डिसेंबर १९७१ मध्ये तिथेच सेवा संघटनेचं ठरलं. नाव सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन, पण गुजरातीत आणि मराठीत ते सेवा म्हणूनच गोड लागतं. नोंदणीला गेल्यावर कामगार खात्याने विचारलं, तुमचा मालक कोण? मालकच नाही तर युनियन कुणाविरुद्ध? इलाबेनचं उत्तर असं होतं की युनियन कुणाविरुद्ध असावी लागत नाही, ती आपल्या माणसांच्या एकीसाठी असू शकते. बरेच महिने गेले आणि एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मोटाबेन वारल्या.

आता बँकेकडे येते, कारण घर चालवणाऱ्या बाईला यातलं सगळं लगेच कळतं.

भाजीवालीला सकाळी माल घ्यायला रोख पैसे लागतात. ते तिच्याकडे नसतात. मग सावकाराकडून सकाळी ५० रुपये घ्यायचे आणि संध्याकाळी ५५ करून द्यायचे. पाच रुपये काही फार वाटत नाहीत ना? दिवसाला दहा टक्के होतात ते. हातगाडी भाड्याची, शिलाईचं मशीन भाड्याचं, चांदीचे वाळे सराफाकडे गहाण. दिवसभर राबून जे उरतं त्यातलं मोठं पान दुसऱ्याच्या ताटात. नुकतंच बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबांना कर्ज द्या असं सरकार सांगत होतं, म्हणून सेवाने बायकांना त्या बँकांत नेलं. काहींना कर्ज मिळालंही. पण बाई यायची ती कडेवर पोर घेऊन, कामाच्या मळक्या कपड्यांत, आणि बँक बंद व्हायची वेळ तिच्या धंद्याची असायची. काउंटरवरच्या माणसाला ती नको असायची. आणि फेडीसाठी घरी ठेवलेले पैसे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाताला लागायचे. डाळीच्या डब्यात पैसे ठेवणाऱ्या आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या.

शेवटी एका सभेत चंदाबेन नावाची जुने कपडे विकणारी बाई म्हणाली, आपण आपलीच बँक का काढू नये? इलाबेन म्हणाल्या, आपण गरीब आहोत. त्यावर चंदाबेनचं उत्तर असं होतं की गरीब खरं, पण आपण किती जणी आहोत! हे उत्तर पुढे इलाबेनच्या पुस्तकाचं नाव झालं. चार हजार बायकांनी प्रत्येकी १० रुपये काढले. म्हणजे ४०,००० रुपयांचं भांडवल. ते चार हजार जणींच्या पदरांच्या गाठी सोडवून जमवलेलं.

सहकार खात्याचे अधिकारी राजी नव्हते. अंगठा उठवणाऱ्या बायका बँक काय चालवणार? कागदांवर संचालिकांच्या सह्या हव्यात. त्या बायकांना लिहिता येत नव्हतं. मग नोंदणीच्या आदल्या रात्री पंधरा जणी इलाबेनबरोबर जागल्या आणि स्वतःचं नाव लिहायला शिकल्या. भाजी विकणाऱ्या, गठ्ठे वाहणाऱ्या, चिंध्या वेचणाऱ्या बायका, रात्रभर एकच शब्द गिरवत बसलेल्या. सकाळी प्रत्येकीने आपलं नाव न चुकता लिहिलं. मे १९७४ मध्ये श्री महिला सेवा सहकारी बँक नोंदली गेली.

सही न येणाऱ्या खातेदारांसाठी पासबुकावर फोटोची सोय झाली. बाई हातात पाटी धरून फोटो काढायची आणि पाटीवर तिचा खातेक्रमांक. बँकेची माणसं बाजारात फिरून जागेवर पैसे गोळा करू लागली, म्हणजे दुकान सोडून जायला नको आणि घरी नेईपर्यंत पैसे वाटेत संपायलाही नको. सराफाकडचे दागिने सोडवायला कर्ज मिळू लागलं. आणि घरासाठी कर्ज घेतलं तर घर बाईच्या नावावर करण्याचा आग्रह बँकेने धरला.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबते. आपण शिकलेल्या आहोत. आपल्यातल्या अनेकींची नावं कौटुंबिक फर्मच्या कागदांवर भागीदार म्हणून आहेत, करासाठी. सही करायची वेळ येते तेव्हा कुणीतरी खुणेच्या चिठ्ठ्या लावलेले कागद घरी पाठवतं, आपण कढी उतरवून, हात पुसून, चिठ्ठी दिसेल तिथे सही करतो आणि कागद परत जातात. फर्मवर कर्ज किती, आपण जामीन आहोत का, घर कुणाच्या नावावर, यातलं आपल्याला काय माहीत असतं? त्या पंधरा जणींना फक्त सहीच येत होती, पण कशावर करतोय हे पक्कं माहीत होतं. माझ्या ओळखीच्या एका विधवा मावशींना नवऱ्यामागे दहाव्या दिवशी कळलं की त्या अकरा वर्षं एका कर्जाच्या जामीनदार आहेत. घरात त्यांना कुणी कधी वाईट वागवलं नव्हतं. फक्त विचारलं नव्हतं.

अनसूयाबेनच्या काळाशी तुलना केली तर मला फरक इथे दिसतो. सेवातही वरच्या जागी शिकलेल्या बाया होत्या, इलाबेन स्वतः वकील होत्या. पण बँकेच्या संचालक मंडळावर गठ्ठे वाहणारी बसली. तिचा पैसा, तिची सही, तिचं नुकसान. कुणाची चूल चालू आणि कुणाची बंद, हा जुना टोला इथे लागू होत नव्हता.

मात्र याची किंमतही मोजावी लागली. १९८१ मध्ये गुजरातेत वैद्यकीय महाविद्यालयांतल्या आरक्षणाविरुद्ध दंगली झाल्या आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. मजूर महाजनचं धोरण गप्प राहण्याचं. सेवाच्या कितीतरी सभासद दलित होत्या, म्हणून इलाबेन दलितांच्या बाजूने उघडपणे बोलल्या. सेवाला मजूर महाजनमधून काढून टाकण्यात आलं. अनसूयाबेन असत्या तर काय केलं असतं, याचा विचार मी कधीकधी करते. भावाविरुद्ध उभी राहिलेली बाई ती. पण संघटना म्हातारी झाली की तिला आपल्या जन्माची गोष्ट आठवत नाही.

काढून टाकल्याने सेवा थांबली नाही, उलट वाढली, आणि मजूर महाजन ज्या गिरण्यांवर उभी होती त्या एकामागून एक बंद पडल्या. सेवाचे सभासद आज २० लाखांहून जास्त आहेत. इलाबेन राज्यसभेत गेल्या, १९८८ मध्ये असंघटित बायकांवरचा श्रमशक्ती हा अहवाल दिला, घरी बसून काम करणाऱ्यांसाठी जागतिक कामगार संघटनेने १९९६ मध्ये करार केला त्यामागे सेवाचे कष्ट होते. जगभरातल्या गरीब बायकांना कर्ज मिळावं म्हणून स्थापन झालेल्या विमेन्स वर्ल्ड बँकिंगच्याही त्या संस्थापकांपैकी. आफ्रिकेतल्या, आशियातल्या संस्था सेवाकडे शिकायला येतात. त्यांच्यानंतर छोट्या कर्जाचा बाजार सगळीकडे झाला आणि त्यातल्या काही कंपन्यांनी बायकांच्या दारात वसुलीचा असा तगादा लावला की २०१० मध्ये आंध्रात सरकारला कायदा आणावा लागला. नुसतं कर्ज म्हणजे सक्षमीकरण नव्हे. सेवा बँक बायकांच्या ठेवींवर उभी होती आणि मालक त्याच होत्या, ही गोष्ट नक्कल करणाऱ्यांनी बाजूला ठेवली.

इलाबेन २ नोव्हेंबर २०२२ ला गेल्या.

शत्रुंजयाला जाताना आपल्यातल्या बऱ्याच जणी अहमदाबादला मुक्काम करतात, हठीसिंगांच्या वाडीतलं मंदिर पाहतात आणि साड्या घ्यायला जातात. त्यात एक तास काढून माणेकचौकात जा. तिथल्या भाजीवाल्यांना बसायची जागा मिळावी म्हणून सेवा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. दिवसा तिथे सराफकट्टा भरतो आणि त्याच्या समोर, सोन्याच्या दुकानांकडे पाठ करून, भाजीवाल्या बसतात. मी गेले तेव्हा एकीकडून कोथिंबीर घेतली. आम्हाला परतीची गाडी होती, कोथिंबिरीचा काही उपयोग नव्हता, पण बोलायला निमित्त हवं होतं. बँकेत खातं आहे का, असं मी माझ्या मोडक्या गुजरातीत विचारलं. ती म्हणाली, सासूचं होतं, आता माझं आहे, आणि सुटे नाहीत का म्हणून मलाच दटावलं.